अंगावर पुरळ उठलं म्हणजे ‘ते’च झालं का?

(ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशक ताईंनी प्रभागसंघाच्या सभेत केलेलं हे बोलणं. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी जवळजवळ जसंच्या तसं छापत आहोत.)



मागच्या महिन्यात तुमच्या सीआरपी ताईंनी गटागटांतून एक डबा फिरवला. आरोग्याबद्दल जे तोंडानं विचारता येत नाही ते कागदावर लिहा, घडी घाला, नाव घालू नका, असं सांगितलं होतं. तो डबा माझ्याकडे आला. पाळीच्या चिठ्ठ्या होत्या, कंबरदुखीच्या होत्या, एकीनं तर सुनेची तक्रार लिहिली होती. पण नऊ चिठ्ठ्या अशा निघाल्या, की अक्षर नऊ जणींचं आणि भीती एकच. एकीनं लिहिलंय, ‘एकदाच झालं. आता दोन महिने झाले. अंगावर पुरळ उठलंय. मला ते असंल का?’ दुसरीनं लिहिलंय, ‘मालक ऊसतोडीवरून आल्यापासून मला बारीक ताप येतो. त्यांना विचारायची सोय नाही.’ तिसरीच्या चिठ्ठीत फक्त एक ओळ, ‘एड्स झाल्यावर बाई किती दिवस जगते?’

कुणी लिहिलं ते मी शोधणार नाही, तुम्हीही आता शेजारणीकडं बघू नका. इथं बसलेल्या प्रत्येकीनं ती चिठ्ठी आपलीच आहे असं समजून ऐका.

सगळ्यात आधी ती तिसरी चिठ्ठी. रोज एक गोळी नीट घेतली तर एचआयव्ही असलेली बाई म्हातारी होईपर्यंत जगते. शेतात जाते, गटाचा हप्ता भरते, नातवंडं सांभाळते. आपल्या देशात २००४ सालापासून सरकारी दवाखान्यात ही औषधं फुकट मिळतात. २०१७ पासून तर ज्याला एचआयव्ही निघाला त्याला लगेच औषध सुरू करतात, आजारी पडायची वाट बघत नाहीत. भिंतीवरची कवटी आणि हाडांचा सापळा काढलेली ती जुनी चित्रं आठवतात ना? ती आता डोक्यातून काढून टाका. त्या चित्रांनी जितकी माहिती दिली त्याच्यापेक्षा जास्त धास्ती दिली, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता पुरळ, ताप, घसा, गाठी यांच्याकडं येते.

माझ्याकडे एक ताई आली होती. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते. तिशी ओलांडलेली, नवरा वारलेला, एक मुलगी शाळेत. ओळखीच्या एका माणसाशी तिचा एकदा संबंध आला. एकदाच. निरोध वापरला नव्हता. अठराव्या दिवशी तिला ताप आला, घसा धरला. पावसाळ्याचे दिवस, अर्ध्या गावाला ताप होता. पण हिच्या मनानं घेतलं, की मला ते झालं. रात्री मुलगी झोपली की मोबाईल घ्यायचा आणि एड्सची लक्षणं बघत बसायचं. मोबाईलचं तुम्हाला माहीत आहे, एकदा एक बघितलं की तो तसलंच दहा वेळा समोर आणतो. त्यात लिहिलं होतं वजन कमी होतं. मग ही दर आठवड्याला गिरणीतल्या काट्यावर उभी राहायला लागली. भीतीनं घास उतरत नव्हता, त्यामुळं वजन खरंच उतरलं. ५२ वरून ४६ वर आलं. वजन उतरलं म्हणून भीती वाढली आणि भीती वाढली म्हणून जेवण अजून तुटलं. झोप नाही, दिवसातून चार वेळा पोट बिघडायचं, छातीत धडधड, तोंडाला कोरड. जिभेवर पांढरं दिसलं म्हणून आरशासमोर उभं राहून जीभ खरवडायची. काखेत, मानेत गाठ आहे का म्हणून दाबून दाबून बघायची. इतकं दाबल्यावर ती जागा सुजणार नाही तर काय होणार?

घरात तिनं स्वतःचं ताट, पेला वेगळा केला. मुलीला जवळ घेणं बंद केलं. मुलगी विचारायची, आई माझं काही चुकलं का गं?

खासगी लॅबमध्ये जाऊन तिनं रक्त तपासलं, विसाव्या दिवशी. नाही निघालं. पटलं नाही. आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये. नाही निघालं. असं करत करत पाच वेळा. त्यासाठी एक शेळी विकली. पुढं कुणीतरी एका जडीबुटीवाल्याचं नाव सांगितलं. त्यानं नाडी बघून ‘आहे, पण मी मुळापासून काढतो’ म्हणून सहा हजार घेतले. नाडी बघून एचआयव्ही कळत नाही, बायांनो. तोंड बघून नाही, जीभ बघून नाही, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघूनही नाही.

ती माझ्यासमोर आली तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. आमच्याकडे तपासलं, एचआयव्ही नव्हता. तीन महिने पूर्ण झाल्यावर परत बोलावून तपासलं, तेव्हाही नव्हता. रक्त मात्र कमी होतं, आठ. थकवा, चक्कर, केस गळणं, सगळं त्या आठमधून येत होतं.

आता दुसरी एक ताई. ही गाडीवर काम करणाऱ्या माणसाची बायको. अंगानं खणखणीत, खुरपणीला कुणाला हार न जाणारी. ताप नाही, पुरळ नाही, कसली शंकासुद्धा नाही. पोटुशी राहिली म्हणून इतर तपासण्यांबरोबर रक्त घेतलं आणि त्यात एचआयव्ही निघाला. तिच्या अंगानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिला लगेच गोळ्या सुरू झाल्या, बाळ दवाखान्यातच झालं, बाळालाही औषध दिलं. ते बाळ आज शाळेत जातं आणि त्याला एचआयव्ही नाही. उपचार घेतले नाहीत तर आईकडून बाळाला लागण व्हायचा धोका शंभरात १५ ते ४५ इतका असतो. उपचार नीट घेतले तर तो पाचच्या खाली येतो. म्हणून गरोदरपणातली ती तपासणी कुणी टाळू नका, सुनेला टाळू देऊ नका.

पहिलीच्या अंगावर सगळी लक्षणं होती आणि आजार नव्हता. दुसरीला आजार होता आणि लक्षण एकही नव्हतं. मी इतकी वर्षं हे काम करते, मलाही बाई बघून सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरलाही येत नाही.

मग लक्षणं अजिबात नसतात का? असतात. विषाणू अंगात शिरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी काही जणांना ताप, घसादुखी, अंगावर लाल पुरळ, मानेत-काखेत अवधाण असं होतं. थोड्या दिवसांत ते आपोआप जातं. काही जणांना यातलं काहीही होत नाही. आणि हीच लक्षणं साध्या व्हायरल तापात होतात, डेंग्यूत होतात, एखाद्या गोळीची रिॲक्शन आली तरी होतात. जांघेत, काखेत खाज सुटून गोल चट्टे उठले तर बहुतेक वेळा तो नायटा असतो. ओली कापडं अंगावर वाळवली की पावसाळ्यात घरोघरी तो येतो. त्याला मेडिकलमधलं भारी मलम मनानं लावू नका, नायटा आणखी पसरतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर मात्र थुंकी तपासा, ती टीबीसाठी. तेही फुकट आहे.

उपचार न घेता बरीच वर्षं गेली की एचआयव्ही माणसाची ताकद पोखरतो. त्यानंतर सारखी हगवण, तोंडात बुरशी, टीबी, वजन घसरणं हे सुरू होतं. त्या टप्प्याला एड्स म्हणतात. एका महिन्यात, दोन महिन्यांत कुणाला एड्स होत नाही. त्या पहिल्या ताईचं वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरलं, ते उपाशी राहिल्यामुळं.

आता लागण होते कशी, ते पटकन सांगते, कारण हे तुम्ही बऱ्याचदा ऐकलंय. निरोध न वापरता आलेला शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई, आणि आईकडून बाळाला गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. बस. एका ताटात जेवून नाही, संडास एक असल्यानं नाही, डासानं नाही, पापा घेऊन नाही, एकीचा घाम दुसरीला लागून नाही. तुम्हाला शंका आहे म्हणून लेकराला दूर ढकलायचं काहीच कारण नाही.

‘एकदाच झालं’ असं जिनं लिहिलंय, तिच्यासाठी एक आकडा सांगते. आपल्या देशात हजार प्रौढ माणसांत साधारण दोघांना एचआयव्ही आहे. म्हणजे समोरच्या माणसाला तो असेलच असं नाही, नसण्याची शक्यताच जास्त. समजा त्याला आहे आणि तो औषधही घेत नाही, तरी निरोधाशिवाय एका संबंधातून बाईला लागण व्हायचं प्रमाण अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेनं ढोबळमानानं दहा हजारांत आठ असं दिलंय. हा आकडा मी धीर देण्यासाठी सांगते, सूट देण्यासाठी नाही. कारण एका वेळेलाही लागण होऊ शकते, झालेली आहे. आणि त्या माणसाला नुकतीच लागण झालेली असेल, किंवा दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाची जखम असेल, तर धोका वाढतो. सुरक्षित आहे म्हणून गप्प बसायचं नाही आणि मेलोच म्हणून रडतही बसायचं नाही. तपासायचं.

पण कधी तपासायचं? इथं फार जणी फसतात.

आज सोयाबीन पेरलं आणि उद्या सकाळी रानात जाऊन कोंब शोधला तर दिसेल का? बी मातीत असतं, पण वर काही दिसत नाही. रक्ताचं तसंच. विषाणू शिरल्यावर अंग त्याच्याशी लढायला जे तयार करतं, ते आपल्या तपासणीत दिसतं. ते तयार व्हायला काही आठवडे लागतात. बहुतेकांचं चार ते सहा आठवड्यांत दिसायला लागतं, तीन महिन्यांत जवळजवळ सगळ्यांचं. म्हणून पाचव्या दिवशी, पंधराव्या दिवशी काढलेल्या रिपोर्टवर उड्याही मारू नका आणि रडूही नका. सहा आठवड्यांनी एकदा तपासा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर परत एकदा. मधल्या काळात नवा धोका पत्करला नसेल आणि तीन महिन्यांनंतर ‘नाही’ आलं, तर ते नाहीच. सहा महिने थांब, वर्ष थांब असं कुणी सांगत असेल तर ते जुनं झालं. आणि या तीन महिन्यांत संबंध आला तर निरोध वापरायचा. उपकेंद्रात तो फुकट मिळतो.

आता एक गोष्ट, जी वेळेत माहीत असावी. धोका होऊन ७२ तास उलटलेले नसतील, म्हणजे तीन दिवसांच्या आत, तर लागण रोखायची औषधं असतात. २८ दिवस घ्यायची असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, पहिल्या काही तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. विशेषतः कुणी जबरदस्ती केली असेल तर वेळ घालवू नका. अंघोळ, कपडे धुणं नंतर. आधी सरकारी रुग्णालय. अशा बाईवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं सरकारी, खासगी प्रत्येक रुग्णालयाला कायद्यानं बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसांत जाऊन या, मग बघतो’ असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही. त्याच वेळी दिवस राहू नयेत म्हणूनची गोळीही मागा. कुणी काही पुटपुटलं तरी मागा.

(इथं मागच्या बाजूनं एका ताईंनी विचारलं, की जबरदस्ती घरातल्याच माणसानं केली असेल तर काय. त्यावर ताई म्हणाल्या –)

तरी या. दवाखान्याला औषध देताना नातं विचारायची गरज नाही. रक्ताला नातं कळत नाही.

बरं, तपासायचं कुठं? ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, जिल्ह्याच्या दवाखान्यात आयसीटीसी नावाची खोली असते. समुपदेशन आणि चाचणी केंद्र. तिथं फुकट तपासतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातही बोटाला टोचून पहिली तपासणी होते. त्यात काही आढळलं तर पक्कं करायला आमच्याकडे पाठवतात. एका तपासणीवर आम्ही कुणाला ‘आहे’ असं सांगत नाही. वेगवेगळ्या तीन किटवर बघतो, तिन्ही जुळल्या तरच सांगतो. हे लक्षात ठेवा, कारण कुठल्या लॅबमधून एक चिठ्ठी ‘पॉझिटिव्ह’ म्हणून हातात पडली तरी घर डोक्यावर घेऊ नका, ती घेऊन आमच्याकडे या.

खोलीत काय होतं तेही सांगते, म्हणजे पायरी चढताना पाय लटपटणार नाहीत. आधी मी किंवा माझ्यासारखी कुणी तुमच्याशी बोलते. दार लावलेलं असतं. कधी धोका झाला, निरोध होता का, पाळी कधी आली, एवढंच विचारते. त्या माणसाचं नाव विचारत नाही. तुम्ही हो म्हटलं तरच रक्त घेतलं जातं, नाही म्हटलं तर नाही. थोडंसं रक्त घेतात, रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो आणि तो तुमच्याच हातात देतात. दिराच्या नाही, सासूच्या नाही, गटाच्या अध्यक्षबाईंच्याही नाही. आपल्याच तालुक्यात कुणी ओळखेल असं वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्याला जा, कुठल्याही केंद्रात तपासतात. तेवढंही बळ नसेल तर १०९७ या नंबरवर फोन करा. एचआयव्हीची माहिती देणारी ती सरकारी सेवा आहे, फोन फुकट लागतो.

आणि आलाच आहात तर दुसरंही सांगा. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, खाज सुटते, लघवीला आग होते, खाली फोड किंवा जखम आहे, ओटीपोट दुखतं. यातलं बरंचसं एचआयव्ही नसतं आणि औषधानं पूर्ण बरं होतं. एचआयव्हीच्या भीतीत या गोष्टी मागं पडतात. गरमीची, म्हणजे सिफिलिसची तपासणीही रक्तातूनच होते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतं. पण एकट्या बाईनं औषध घेऊन भागत नाही, जोडीदारानंही घ्यावं लागतं. नाहीतर तेच परत येतं आणि बाई म्हणते सरकारी गोळी लागू पडली नाही.

आता मला ज्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. तीन महिन्यांनी रिपोर्ट नाही आला, तरी भीती जात नाही, त्याचं काय?

त्या पहिल्या ताईला मी दुसरा रिपोर्ट दिला तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, मशीन चुकलं असंल.’ मी म्हटलं, पाच लॅब आणि आम्ही, सगळ्यांची मशीनं तुझ्या एकटीसाठी चुकली का? ती हसली नाही. रडायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘मी जे केलं त्याची शिक्षा तर मिळायलाच पायजे ना.’

मग मला कळलं, की ही रक्ताचा रिपोर्ट मागत नाहीये, निकाल मागतेय. आणि बायांनो, विषाणूला न्यायनिवाडा येत नाही. लग्नात एकनिष्ठ राहिलेल्या बाईला तो होतो, आणि दुसऱ्या एकीला होत नाही. आजाराचा आणि चांगल्या-वाईट चालीचा हिशोब आपल्या डोक्यात कुणीतरी फार आधी घालून ठेवलाय. पुरुषाला तो हिशोब कमी लागतो, हेही बघा. तो माणूस तिकडं खुशाल झोपत होता, आणि ही गिरणीच्या काट्यावर उभी होती. विधवा बाईच्या मनात माणसाची ओढ येते, एकटेपण येतं, कधी कुणी गोड बोलून फसवतं. त्यावर तुम्हाला काय मत बनवायचं ते बनवा. पण त्यासाठी तिनं उपाशी राहावं, लेकराला दूर ठेवावं असं तुमच्यापैकी कुणाला वाटतं का?

अशी भीती मनाचा आजार होऊ शकते. एकच विचार दिवसभर फिरत राहतो, परत परत तपासावंसं वाटतं, तपासल्यावर दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत शंका. दर वेळी तपासून ती शंका मरत नाही, उलट तिला खाऊ मिळतो. तिला मी चार गोष्टी सांगितल्या होत्या. आता कुठंही रक्त तपासायचं नाही. रात्री मोबाईल मुलीच्या दप्तरात ठेवायचा. गिरणीत दळणाला जायचं, काट्यावर चढायचं नाही. आणि रक्तवाढीच्या गोळ्या चहाबरोबर न घेता लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायच्या. दर पंधरा दिवसांनी ती येऊन बसायची. तेवढ्यानं पुरलं नाही म्हणून जिल्ह्याच्या रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवली, त्यांनी काही महिने गोळ्या दिल्या. मनाच्या डॉक्टरकडं गेलं म्हणजे वेड लागलं असं नाही. आता तिचं वजन मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही. मुलगी परत तिच्या कुशीत झोपते, एवढं तिनं सांगितलं.

टेली-मानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिला रात्ररात्र झोप नाही, जगावंसंच वाटत नाही, तिनं उद्यावर ढकलू नका, त्याच रात्री लावा. आणि शेजारच्या बाईच्या तोंडून ‘आता जगून काय करायचं’ असं ऐकलं तर तिला एकटं सोडू नका.

दोन शब्द गटाबद्दल. एखादी बारीक झाली, दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्या, की कुजबुज सुरू होते. एका गावात अशा कुजबुजीवरून एकीचं कर्ज अडवलं गेलं, परत फेडायला जगेल का म्हणून. तिला थायरॉइड होता. आणि समजा एचआयव्ही असता, तरी? रोज गोळी घेणारी बाई तीन वर्षांचं कर्ज फेडू शकते, तीस वर्षांचंही फेडील. २०१७ साली एचआयव्हीबाबत कायदा झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, उपचार, शाळा, भाड्याचं घर नाकारायला त्यात मनाई आहे. कुणाची ही माहिती तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायलाही मनाई आहे. गटाच्या बैठकीत कुणाच्या आजाराचा विषय ती स्वतः काढत नसेल तर काढू नका, आणि इतिवृत्तात तर मुळीच लिहू नका.

ज्यांना आहे त्यांच्याबद्दल अजून एक. औषध नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. नवरा-बायको संसार करतात, मुलं होतात. हे ऐकून तुमच्यातल्या दोघी-तिघींनी मान वर केलेली मी बघितली.

आता तुमचे प्रश्न घेते.

– मालक तपासायला तयार नाहीत. मी एकटीनं तपासून काय उपयोग?

उपयोग आहे. तुमचं रक्त तुमचं सांगतं. तुमचं ‘नाही’ आलं म्हणून त्यांचंही ‘नाही’ असं मात्र धरू नका, एकाला असून दुसऱ्याला नसतं. ते आले तर दोघांशी मी वेगवेगळं बोलते. ‘तुमच्यावर संशय आहे’ असं म्हणून आणू नका, माणूस बिथरतो. साखर आणि बीपी तपासायचं निमित्त करून दवाखान्यापर्यंत आणा. पुढं माझ्या खोलीत बसवून एचआयव्हीचं सरळ नाव घेऊन बोलायचं काम माझं. त्यांच्या हो शिवाय रक्त घेणार नाही.

– दाढीच्या पात्यानं, कान टोचून होतो का?

एकाचं रक्त लागलेलं पातं, सुई लगेच दुसऱ्याला वापरली तर धोका असतो. जत्रेत गोंदवून घेता ना, तिथं सुई नवीन आहे का बघा. त्या सुईतून काविळीचीही भीती आहे, आणि ती काही कमी नाही.

– घरी न सांगता तपासता येतं का?

येतं. अठरा वर्षांच्या पुढच्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही, तिची स्वतःची पुरते. बाजाराच्या दिवशी या, पिशवी घेऊनच या. केसपेपरच्या खिडकीवर एड्स, एचआयव्ही असं काही म्हणायची गरज नाही. ‘रक्त तपासायचंय, समुपदेशक ताईंना भेटायचंय’ एवढं म्हणा. उपाशीपोटी यायला लागत नाही, भाकरी खाऊन या.